चौदा बोटं

तू नेमकं काम तरी काय करतेस, असं मला आजवर शंभर जणांनी तरी विचारलं असेल. मी सांगते, लोकांनी दाखवलेली बोटं मोजते. मग समोरचा हसतो आणि विषय बदलतो. हसा बापडे. पण काम खरंच तेवढंच आहे. इंटरनेटवर कुणी आपल्या पानावर दुसऱ्याच्या पानाची लिंक दिली, की त्याने तिकडे बोट दाखवलं असं आम्ही धरतो. आमचं यंत्र एकामागून एक पानं उघडत हिंडतं आणि कुणी कुणाकडे बोट दाखवलं ते टिपून आणतं. त्यातले खडे मी वेचून काढते, आणि उरलेल्या दाण्यांवरून अहवाल लिहिते.

आम्ही ऑफिसात सहा जण. खाली टायरचं दुकान आहे, त्यामुळे जिन्यात सदा रबराचा वास. मालक चांगले आहेत, म्हणजे पगार वेळेवर देतात. यंत्र सांभाळणाऱ्या बाईला आम्ही यंत्रवाली म्हणतो आणि ती रागावत नाही. माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी एक बँक आमच्याकडे आली. मध्यम आकाराची, अठ्ठावन्न शाखांची. त्यांना जाणून घ्यायचं होतं की आपली स्पर्धा नेमकी कुणाशी आहे. मी मोजलं. एकाच पानावर त्यांच्या नावाशेजारी लोक आणखी कुणाची लिंक देतात, एवढंच पाहिलं. त्यांना वाटत होतं की चौकातल्या त्या काचेच्या मोठ्या बँकेशी आपली टक्कर आहे. तसं काही नव्हतं. लोक त्यांचं नाव मोबाइलवरून पैसे पाठवायच्या एका ॲपशेजारी लिहीत होते, आणि ते ॲप काढणाऱ्यांचं सरासरी वय असेल सव्वीस. संचालकांची तोंडं बघण्यासारखी झाली. मला मजा आली. खोटं कशाला बोलू?

ते खूश झाले, म्हणजे आधी घाबरले आणि मग खूश झाले, आणि त्यांनी दुसरं काम दिलं. त्यांच्या प्रत्येक शाखेचं स्वतःचं एक पान होतं: फोटो, वेळा, मॅनेजरचं नाव. कुठल्या शाखेकडे बाहेरचे किती लोक बोट दाखवतात ते मोजा, म्हणाले. जिथे बारापेक्षा कमी, ती शाखा बंद. बाराच का, तर त्यांच्या स्वतःच्या ढोबळ मोजणीत बारावर रेघ मारली की तिच्याखाली एकोणीस शाखा येत होत्या, आणि त्यांना एकोणीसच बंद करायच्या होत्या. आकडा आधी ठरतो आणि कारण मागून येतं, हे माझ्या धंद्यात कुणीही सांगेल. मोजणी दोनदा करायची होती. पहिली कच्ची, अंदाजासाठी. दीड महिन्याने दुसरी, आणि तिच्यावर निकाल.

आता चाळणीबद्दल सांगायला हवं, कारण ती मी लिहिली आहे आणि तिचा मला अभिमान होता. लिंक विकतही मिळतात. एका चपला विकणाऱ्याने आम्हाला अशीच टोपी घातली होती. आठवड्याभरात तीनशे पानांवर तेच एक वाक्य आणि त्याच्या दुकानाची लिंक. आम्ही त्याला शहरातला सगळ्यात लाडका चपलावाला ठरवून मोकळे झालो आणि तोंडावर पडलो. त्यानंतर मी नियम केला. एकच वाक्य, शब्दाला शब्द तेच, महिन्याभरात दहापेक्षा जास्त ठिकाणी उगवलं, तर त्या लिंक विकतच्या. त्या तर कापायच्याच. शिवाय ज्या पानासाठी हा उद्योग झाला त्या पानाला लाल खूण, आणि लाल खूण लागली की त्याच्या जुन्या, खऱ्या लिंकही शून्य धरायच्या. एकदा लबाडी केली त्याचं बाकीचं तरी कशावरून खरं? मालक म्हणाले, जरा कडक होतंय. मी म्हणाले, नियम म्हणजे नियम.

हे वाक्य माझं नाही, दादाचं आहे.

दादा माझा सख्खा भाऊ, नऊ वर्षांनी मोठा. त्याच बँकेत एकतीस वर्षं नोकरी, आणि गेली बारा वर्षं स्टेशनामागच्या शाखेत मॅनेजर. निवृत्तीला एकवीस महिने उरले होते. त्याला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती: त्याच खुर्चीवरून उठून, त्याच दारातून बाहेर पडून घरी जायचं. त्याच्या हाताखाली सात माणसं, आणि शाखेच्या दारात त्याने स्वतः लावलेली दोन झाडं. हे मला सगळं माहीत होतं. मालकांना मात्र मी सांगितलं नाही की अठ्ठावन्नातल्या एका शाखेत माझा भाऊ बसतो. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ते काम माझ्याकडून गेलं असतं, आणि ते मला नको होतं.

का नको होतं ते आता सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मी ठरवलं होतं, एक खोली भाड्याने घ्यायची, चार कॉम्प्युटर मांडायचे आणि लोकांचं टायपिंगचं काम घ्यायचं. खोली बघितली, तिचं आगाऊ भाडं भरलं, आणि कर्जासाठी दादाच्या बँकेत अर्ज केला. दादा तेव्हा तिथे कर्जाची कागदपत्रं बघायचा. पंधरा दिवस गेले. एका संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्याकडे जेवायला बसलो होतो. मी अगदी सहज विचारलं, दादा, माझ्या अर्जाचं काय झालं रे? त्याने ताटातून मानही वर केली नाही. म्हणाला, "फाइलबद्दल मी घरी बोलत नाही, चिंगे. नियम म्हणजे नियम." वहिनीने मला आणखी वाढलं. तिसऱ्या दिवशी पोस्टाने पत्र आलं. अर्ज नामंजूर. खाली दादाची सही.

म्हणजे त्या संध्याकाळी माझ्यासमोर जेवताना त्याला माहीत होतं. मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. सगळ्यांना सांगितलं, मीच विचार बदलला, हल्ली टायपिंगला कोण विचारतंय. आगाऊ भाडं बुडालं. नवरा दुसऱ्या गावी कामाला गेला. आधी महिन्याने यायचा, मग सणावारी, मग फोन, आणि मग तोही बंद. मी त्याला दोष देत नाही. दोष कुणाला द्यायचा ते माझं ठरलेलं होतं.

पहिली मोजणी झाली. स्टेशनामागची शाखा: चौदा.

चौदा म्हणजे वाचली. रेघेच्या वर, जेमतेम, पण वर. मी त्या चौदा लिंक एकेक करून उघडल्या, जे माझं काम नव्हतं. एक जनावरांच्या डॉक्टरची. एक वाचनालयाची. एका बाईचा शिवणाचा वर्ग होता, तिने लिहिलं होतं की फी भरायची असेल तर या शाखेत जा, तिथे पेनला दोरी नसते. एका निवृत्त शिक्षकाने लिहिलं होतं, "माझी सही हल्ली हलते, पण इथली माणसं तोंड वाकडं करत नाहीत," आणि त्याला शाखेची लिंक. ते वाचून मला बरं वाटायला हवं होतं. मला इतका राग आला की मी खुर्ची मागे सारून उठले आणि उगाच जिन्यात जाऊन उभी राहिले. परक्या माणसाची हलती सही याला चालते!

दुसऱ्याच दिवशी रविवार होता. सकाळी बेल वाजली आणि दारात दादा. एकटा. वहिनीशिवाय तो माझ्याकडे कधी आलाच नव्हता. मी पहिल्या मोजणीची यादी टेबलावर पसरून बसले होते. घाईघाईत ती पालथी घातली आणि चहा आणला, तर त्याने कप नेमका तिच्यावरच ठेवला.

"तुमच्याच कंपनीकडे आहे ना गं ते शाखांचं काम?" त्याने विचारलं.

"आहे."

"आमची जाणार का?"

इतकं सरळ विचारेल असं वाटलं नव्हतं. उत्तर त्या कपाखाली होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की दादा, घाबरू नकोस, चौदा आहेत, बारा लागतात, घरी जा आणि झोप. दहा-अकरा शब्दांचं काम.

"आकड्यांबद्दल मी घरी बोलत नाही, दादा," मी म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याला ते वाक्य ओळखू येईल, मान खाली जाईल, म्हणून मी अगदी डोळ्यांत तेल घालून बघत होते. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मी विचारायलाच नको होतं." आणि चहा प्यायला लागला. त्याच्या कपाळावर घाम होता. वाण्याकडे उधारी मागायला आल्यासारखा खुर्चीच्या टोकाला बसला होता, एकतीस वर्षं दुसऱ्यांना खुर्चीच्या टोकाला बसवलेला माणूस. मला सुख झालं. दुसरा शब्द नाही त्याला.

आणि सुख झालं की माणूस सैल सुटतो. "पण मोजतात कसं ते सांगते हवं तर," मी म्हणाले, आणि शेखी मिरवायला लागले. लिंक म्हणजे काय, यंत्र कसं हिंडतं, बाहेरच्यांनी तुमच्या पानाकडे बोट दाखवलं की ते कसं धरलं जातं. हेही सांगायची परवानगी नव्हती. म्हणजे जे सांगायला नको ते मी सांगितलं आणि जे सांगायला हवं ते गिळलं. दादाने खिशातून छोटी डायरी काढली आणि लिहून घ्यायला लागला.

"म्हणजे लोकांनी आपापल्या पानावर आमची लिंक द्यायची. जितक्या जास्त तितकं बरं?"

"हो."

"मुदत काय?"

"दीड महिना आहे अजून."

चाळणीबद्दल मी बोलले नाही. ते मुद्दाम नव्हतं, कुणाचीही शपथ घ्यायला तयार आहे. मला ते सुचलंच नाही. चाळणी लबाड चपलावाल्यांसाठी होती. दादा तिच्यात सापडेल हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

पुढच्या दीड महिन्यात त्याने काय केलं ते मला नंतर कळलं. शाखा सुटली की तो रोज संध्याकाळी लोकांचे उंबरे झिजवत होता. दाताचे डॉक्टर, गाडी शिकवणारे, गाण्याचा वर्ग, बुद्धिबळाचं मंडळ, नळ दुरुस्त करणारा, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गट. ज्याच्याकडे म्हणून इंटरनेटवर एखादं पान असेल त्याच्या दारात हा उभा. लोकांनी एका पायावर होकार दिला. बारा वर्षांत ज्यांची ज्यांची कामं याने उभ्याने करून दिली होती, ते सगळे. ज्यांना लिंक कशी द्यायची ते कळत नव्हतं त्यांनी भाच्यांना, जावयांना कामाला लावलं.

दादाने सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली होती, स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात: "या शाखेत माणसाला माणूस भेटतो." दातांच्या डॉक्टरीणबाईंना काही वेगळं लिहायचं होतं. त्यांच्या सासूबाईंना चक्कर आली होती तेव्हा दादा स्वतः त्यांना घरी सोडून आला होता, त्याबद्दल. दादाने त्यांना अडवलं. म्हणाला, नको, सगळीकडे एकसारखंच असू द्या, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर कागद परत येतो. एकतीस वर्षं त्याने हेच केलं होतं. अर्जातलं नाव आणि ओळखपत्रातलं नाव, चेकवरचा आकडा आणि अक्षरी रक्कम. शब्दाला शब्द जुळला तर खरं, नाही जुळला तर परत. त्याच्या जगात सारखेपणा म्हणजेच खरेपणा होता. मी नेमकी उलटी चाळणी करून बसले होते.

दुसऱ्या मोजणीच्या दिवशी अकराच्या सुमाराला यंत्रवाली माझ्या टेबलाशी आली. "एक लाल लागलाय बघ," म्हणाली. "नुसता धो धो. सत्त्याहत्तर लिंक, त्यातल्या त्रेसष्ट एकाच साच्याच्या. स्टेशनामागची शाखा. मॅनेजर काय हुशार समजतो का स्वतःला?"

मी कागद हातात घेतला. तेच वाक्य त्रेसष्ट वेळा, एकाखाली एक, इतकं नीटनेटकं की ते कुणी बसवलं ते वेगळं सांगायला नको होतं. चौदा आणि त्रेसष्ट, आणि चाळणीने दोन्ही कापून समोर शून्य ठेवलेलं.

पण नियमात एक पळवाट होती, आणि तीही मीच ठेवली होती. शंका आली तर फोन करून खात्री करावी. लोकांनी पैसे न घेता, मनाने लिंक दिली असं ठरलं तर लाल खूण पुसता येते. मी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. त्याची जुनीही लिंक होती आणि नवीही.

"पैसे?" तो ओरडलाच. मागे कुत्रं भुंकत होतं. "अहो, कसले पैसे? मॅनेजरसाहेबांनी सांगितलं म्हणून दिली. त्यांनी विहिरीत उडी मार म्हटलं तरी मारीन मी."

"त्यांनी का सांगितलं, काही बोलले का?"

"बोलले की. त्यांची धाकटी बहीण तिथेच कामाला आहे म्हणे, जिथे हे मोजतात. फार हुशार बाई आहे. तिने सांगितलं की अशा लिंक लागतात. फार कौतुक करत होते बहिणीचं." मग त्याला काहीतरी सुचलं. "तुम्ही कुठून बोलताय म्हणालात?"

मी फोन ठेवला.

म्हणजे त्रेसष्ट घरांत तो माझं कौतुक करत फिरला होता. मी खूण पुसली तर यंत्रवाली विचारणार, मालक विचारणार, बँक स्वतः चार फोन करणार, आणि चौथ्या फोनला माझं नाव निघणार. भाऊ लपवला, आतली माहिती बाहेर दिली. माझी नोकरी तर जाणारच, शिवाय या धंद्यात मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. एका बाजूला दादाची शाखा आणि एकवीस महिने. दुसऱ्या बाजूला मी. फार वेळ लागला असं सांगायला मला आवडेल. यंत्रवालीचा चहा येईपर्यंत माझं लिहून झालं होतं.

पडताळणीच्या चौकटीत मी लिहिलं: "फोनवर खात्री केली. शाखाप्रमुखाच्या सांगण्यावरून एकत्रित बनाव." खाली सही. यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मला त्या वेळी फार महत्त्वाचं वाटलं.

नुसती शाखा बंद झाली असती तर दादाला मुख्य कचेरीत कुठेतरी जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं असतं आणि एकवीस महिने कसेतरी निघाले असते. पण बनाव म्हटल्यावर गोष्ट शाखेवर थांबत नाही. चौकशी बसली. तीन जणांनी त्याला समोर उभं करून विचारलं, मोजणी कशी होते हे तुला कुणी सांगितलं? दादा म्हणाला, कुठल्याशा मासिकात वाचलं. कुठल्या? आठवत नाही. त्यांनी त्याला सांगितलं, नाव सांग, तुझं निभावून नेऊ, तुझी इतक्या वर्षांची नोकरी आहे. तो म्हणाला, मासिकातच वाचलं. त्याला कामावरून काढलं. पेन्शनला कात्री लागली. हे मला वहिनीने फोनवर सांगितलं, रडत नाही, अगदी सपाट आवाजात. वर हेही सांगितलं की बँकेने त्याला ती सगळी वाक्यं पुसून घ्यायला लावली, आणि तो पुन्हा त्या त्रेसष्ट दारांत जाऊन आला. प्रत्येकाला त्याने दोन गोष्टी सांगितल्या. ते वाक्य काढून टाका. आणि माझ्या बहिणीचं मी काही बोललो होतो ते विसरून जा.

ज्याने बहिणीसाठी एक कागद इकडचा तिकडे केला नव्हता, तो बहिणीसाठी तीन साहेबांसमोर धडधडीत खोटं बोलला होता. मला हे सहन होईना. त्याने माझं नाव घेतलं असतं तर मी शांत झोपले असते.

शाखेचं शटर खाली ओढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. दुपारची वेळ होती. दादा बाहेरच्या खोलीत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू कुठे निघायचं आहे. शाखेतल्या टेबलावरचं घड्याळ त्याने घरी आणलं होतं आणि ते अजून कागदात गुंडाळलेलंच होतं. वहिनीने माझ्यासमोर चहा ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.

"चिंगे, एकच विचारतो," तो म्हणाला. "आता काही फरक पडत नाही, म्हणून विचारतो. मी हे काही केलं नसतं, तरी ती गेलीच असती ना?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. हो म्हण, असं तिच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं! तो म्हणाला असता, चला, निदान हातपाय तरी हलवले, आणि जेवायला उठला असता. पण मला त्याच्या चांगुलपणाखाली आणखी एक दिवसही राहायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "राहिली असती. बारा लागत होते. तुझे आधीच चौदा होते."

घड्याळाच्या कागदावर ठेवलेला त्याचा हात तसाच राहिला. "तुला कधी कळलं?"

"तू आलास त्याच्या आदल्या दिवशी. तुझ्या कपाखालीच होता तो कागद."

वहिनीच्या तोंडून काहीतरी आवाज आला. दादा हिशेब जुळवत असावा, म्हणजे आपण कप कुठे ठेवला, मी काय म्हटलं, आपण काय लिहून घेतलं. "मग बोलली का नाहीस गं?"

हीच वेळ होती. एकोणीस वर्षं मी या क्षणाची तयारी केली होती. अंघोळ करताना, जिना चढताना, वाक्य घासून पुसून ठेवलं होतं.

"फाइलबद्दल घरी बोलत नाहीत," मी म्हणाले. "तूच शिकवलंस. माझ्या अर्जाच्या वेळी."

दादाने माझ्याकडे बघितलं. मग वहिनीकडे. मग परत माझ्याकडे.

"कुठला अर्ज?" त्याने विचारलं.

तो नाटक करत नव्हता. नाटक त्याला येत नाही, चौकशीत तो एवढं एकच खोटं बोलला तेही त्याला धड जमलं नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी वहिनीकडे बघितलं. तिलाही आठवत नव्हतं. मी सांगायला लागले. चार कॉम्प्युटर, टायपिंग, ती खोली, ती संध्याकाळ, तू मान वर केली नाहीस, ते पत्र, तुझी सही. माझा आवाज चिरकायला लागला होता. तो पुढे वाकून ऐकत होता, काउंटरवर आलेल्या माणसाचं ऐकावं तसं, नीट, मधे न बोलता.

"कारण काय दिलं होतं?" माझं झाल्यावर त्याने विचारलं.

"जामीनदाराचे कागद अपुरे."

"अच्छा. तसे दिवसाला तीस-चाळीस जायचे." तो आठवायचा प्रयत्न करत होता, माझ्यासाठी. "पण तू तर म्हणाली होतीस ना, तूच विचार बदललास म्हणून? मला वाटलं, म्हणूनच परत आली नाहीस."

"परत म्हणजे?"

"कागद जोडून परत अर्ज करायचा. तीस दिवसांची मुदत असते. नव्वद टक्के लोकांचं दुसऱ्या वेळी होऊन जायचं." त्याने अगदी हळू आवाजात, समजावून सांगावं तसं सांगितलं. "पत्राच्या मागे छापलेलं असतं, चिंगे."

वहिनी पुढे आली, माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून आत घेऊन गेली, आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी चपला घातल्या.

ते पत्र माझ्याकडे अजून आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कपाटात, साड्यांच्या तळाशी. ते मी इतक्या वेळा वाचलंय की त्यातला स्वल्पविराम कुठे आहे तेही सांगू शकते. घरी आल्यावर मी ते बाहेर काढलं आणि पहिल्यांदाच उलटं केलं. छापलेलं होतं. बारीक अक्षरात, चौथ्या ओळीत.